गेटवरची खुर्ची

तुमच्या घरातलं माणूस आजारी आहे की आळशी, हे ठरवायला तुम्हाला किती वेळ लागतो?

आमच्याकडे एक चहा होईपर्यंत निकाल लागायचा. पाहुणे यायचे, मी आतल्या खोलीत आडवी पडलेली असायचे, आई कपबशा मांडायची, आणि कप रिकामा व्हायच्या आत माझं निदान झालेलं असायचं. मोबाईल. उशिरा उठणं. लग्नाचं वय. जास्तीचं वाचन. एका काकांनी फरशीचा गारवा हे कारण शोधून काढलं होतं. सगळ्या निदानांत मला तेच त्यातल्या त्यात सभ्य वाटलं, कारण त्यात दोष फरशीचा होता.

मी सिडकोत वाढले. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, अंबडच्या एका कंपनीत लेथवर अर्धं आयुष्य काढलं आणि उरलेलं अर्धं युनियनमध्ये. घरात गोष्टींची पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. स्वयंपाकघरात गठ्ठे उघडून आई आणि मी पत्रकं दुमडत बसायचो. अक्षरं मी तिथंच शिकले. 'जाहीर', 'निषेध' आणि 'मागणी' हे शब्द मला 'बदक' आणि 'कमळ' यांच्या आधी वाचता यायला लागले.

पत्रकं वाटायचे आमच्या घरात नियम होते. दुमडताना मथळा बाहेर. गेटवर पत्रक भिंतीवर नाही ठेवायचं, सायकलच्या कॅरियरला नाही अडकवायचं, हातात द्यायचं. देताना डोळ्यांत बघायचं. आणि वाटणाऱ्याने उभंच राहायचं. हा शेवटचा नियम आप्पांच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा. "माणूस दिवसभर मशीनवर उभा राहून बाहेर येतो," ते म्हणायचे, "आणि आपण बसून त्याच्यापुढे कागद धरायचा? त्याने काय समजायचं आपल्याला?" मला हे पटायचं. अजूनही निम्मं पटतं.

थकव्याबद्दल मला जे माहीत होतं ते या पत्रकांतूनच. थकवा म्हणजे कुणीतरी तुमच्याकडून काढून घेतलेली ताकद. ती कुणी घेतली ते शोधायचं आणि त्याचं नाव ठळक अक्षरांत छापायचं. किती सोपं होतं!

मग मला ताप आला. साधा, गल्लीत सगळ्यांना आला तसाच. सगळ्यांचा गेला, माझाही गेला. मी मात्र उठले नाही.

तेव्हा मी एका छापखान्यात डीटीपीचं काम करत होते. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं, आणि संध्याकाळी युनियनची पत्रकं. तापानंतर कामावर गेले तर स्क्रीनवर 'चि. सौ. कां.' एवढं टाईप करून थांबायचे, आणि पुढे नवरीचं नाव असतं हेच आठवायचं नाही. घरी केस धुतले की टॉवेल गुंडाळून पडून राहायचे, कारण पुसायला हात वर धरवत नव्हते. सगळ्यांत वाईट म्हणजे याचा हिशेबच लागायचा नाही. आज भाजी आणायला गेलं की आज काही होत नाही. उद्या होतं. परवा त्याहून जास्त होतं. मग आठवडाभर पलंग आणि मी. झोपून उठलं की ताजंतवानं वाटतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या आजारावर तोंड उघडूच नये.

पण तीच मंडळी उघडतात. रक्त, लघवी, थायरॉईड, छातीचा फोटो, सगळं नॉर्मल आलं. 'नॉर्मल' हा शब्द मी इतका ऐकला की मला तो शिवीसारखा वाटायला लागला. बऱ्याच दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्यावर एका डॉक्टरांनी सांगितलं, याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, औषध हमखास असं नाही, अंगाला झेपेल तेवढंच करा आणि न झेपणारं करूच नका. त्यांचं सगळं ठीक. पण या आजाराचं नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा भेटायचंय मला. इतका जीवघेणा प्रकार, आणि नाव असं की ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो, "अगं मलापण होतं तसं, सोमवारी."

आत्या चांदवडहून आली तेव्हा तिने दारातूनच सुरुवात केली. "काय गं, दिवसाढवळ्या लोळती का? आमच्याकडं ये कांदे काढायला. लय नाय, चार दिस वाकली ना, तर थकवा कुठं पळाला ते कळायचं नाय तुला."

"आत्या, डॉक्टरांनी नाव सांगितलंय त्याचं."

"डाक्टरचं काय, त्येला फी मिळती तवर नाव सांगतोय. आमच्यात कुणाला झालाय का असला रोग?"

"तुमच्यात झाला असता तर तुम्ही त्याला कांदे काढायला नेऊन मारलं असतं."

आत्या हसली. मला त्यावर हसू यायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली.

मग समुपदेशन. गंगापूर रोडवर एक नीटनेटकं ऑफिस होतं, कोपऱ्यात बांबूचं रोप, भिंतीवर सूर्योदय. बाई सभ्य होत्या. त्यांनी मला सांगितलं की रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणायचं, मी ऊर्जेने भरलेली आहे. मी विचारलं, बसून म्हटलं तर चालेल का? त्या गोड हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

मी ते केलं नाही. आमच्या घरात काही झालं तरी एक गोष्ट करत नाहीत: मागणी मान्य झालेली नसताना विजयाचं पत्रक काढत नाहीत. आरशातल्या त्या बाईला मी काय सांगणार होते? की करार झाला, पेढे वाट? ती खोटारडी ठरेल आणि मीसुद्धा. हल्ली हा खोट्या विजयांचा धंदा सगळीकडे चाललाय. मन बदला, जग बदलेल. मन बदललं की म्हणे पेशीसुद्धा बदलतात. मग आजारी राहिलेल्याचं काय? त्याने मन नीट बदललं नाही. म्हणजे आजार त्याचा आणि गुन्हाही त्याचाच. एखाद्या मॅनेजमेंटलासुद्धा इतकी सोयीची नोटीस काढता आली नसती.

त्याच रांगेत ते दुसरे: "तू तर फायटर आहेस!" हे म्हणणाऱ्यांना माहीत नाही की हा आजार लढणाऱ्यालाच आधी आडवा करतो. जोर लावला की आणखी खाली जाता. माझ्यासारख्या, जन्मभर 'लढेंगे' ओरडत मोठ्या झालेल्या मुलीला देवाने मुद्दाम निवडून दिलेला आजार असावा हा, आणि मी देव मानत नाही.

तरी नाइलाजाने एक कबूल करते. त्या समुपदेशक बाईंनी एकदा एक कामाचा प्रश्न विचारला होता: "रागावल्याच्या दुसऱ्या दिवशी कसं असतं तुम्हाला?" मी पटकन उत्तर देणार होते, आणि बोटांवर दिवस मोजायला लागले. कारण रागावल्याच्या दुसऱ्या दिवशी मला उठता येत नसे. टीव्हीवरच्या चर्चेवर ओरडले, उद्याची अंघोळ गेली. आत्याशी भांडले, परवाचं वाचन गेलं. राग ही माझी एकमेव श्रीमंती होती, आणि आता ती जपून वापरावी लागणार होती. तेव्हापासून मी लायकी बघून राग देते. फॉरवर्ड केलेल्या मेसेजला नाही. फरशीवाल्या काकांना नाही. राखून ठेवलेला सगळा राग मला एका माणसासाठी हवा होता, आणि तो माणूस बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेला असायचा.

आप्पांचा माझ्या आजारावर विश्वास नव्हता. बाकीचे मला आळशी म्हणत होते. आप्पा तसं म्हणाले नाहीत. त्यांनी जी चूक केली ती फक्त युनियनचा माणूसच करू शकतो.

त्याला आधीचं कारण होतं. मला ताप येण्याच्या थोडं आधी त्यांच्या जुन्या कंपनीत पगारवाढीचा करार होणार होता, कायम कामगारांसाठी. कंत्राटी पोरांचा त्यात उल्लेख नव्हता. मी त्याविरुद्ध पत्रक लिहिलं. निवृत्त झाले तरी आप्पांचा शब्द युनियनमध्ये चालायचा. त्यांनी ते पत्रक छापूच दिलं नाही. "आत्ता हे वाटलंस तर करार मोडेल. आधी पदरात पडू दे, मग त्यांचं बघू." मी त्यांना घरात, आईसमोर, मॅनेजमेंटचा माणूस म्हणाले. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. आणि त्याच अबोल्यात मी आजारी पडले.

आता त्यांच्या डोळ्यांनी बघा. मुलगी भांडली. मग हळू झाली. काम बंद नाही, पण ताट उचलायला वेळ, भाजी निवडायला वेळ, अर्धी भाजी तशीच ठेवून जाऊन पडते. कागदोपत्री सगळं नॉर्मल. आप्पांनी आयुष्यात हे कितीतरी वेळा घडवून आणलं होतं. माणूस मशीनवर हजर, हात चालू, पण उत्पादन निम्म्यावर. त्याला गो-स्लो म्हणतात. मॅनेजमेंट काही सिद्ध करू शकत नाही आणि काम काही पुढे सरकत नाही.

एके दिवशी ते दोन कप चहा घेऊन माझ्या पलंगाशी आले, खुर्ची ओढून समोर बसले, आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "बोल. मागण्या काय आहेत तुझ्या?"

मला कळेचना. "कसल्या मागण्या?"

"किती दिवस हे ताणायचं? त्या पत्रकाचा राग आहे ना? मग समोर बसून बोलू. आईला कशाला मध्ये भरडतेस?"

"आप्पा, तुम्हाला वाटतंय मी गो-स्लो करतेय?"

"मला काय वाटायचंय? मी काय आज बघतोय का गो-स्लो?" त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "चांगला केलायस. पण मागणीपत्र न देता आंदोलन करत नाहीत, एवढं तरी शिकवलं होतं तुला."

मी हसले, मग रडले, मग ओरडले. तिन्ही एकाच दुपारी, त्यामुळे पुढचे बरेच दिवस मला कूस बदलायलाही आईला हाक मारावी लागली. आप्पांनी त्याचा अर्थ लावला की वाटाघाटी फिसकटल्या.

मग त्यांनी जे केलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. त्यांनी माझी कामं दुसऱ्या कुणी करायची नाहीत असं जाहीर केलं. माझं ताट तसंच राहील, माझे कपडे बादलीत राहतील. आयुष्यभर ज्या सुपरवायझरला शिव्या दिल्या, त्याचंच सोंग घेऊन हा माणूस माझ्या घरात फिरायला लागला. मी बाथरूमला जाताना भिंत धरते की नाही हे पेपरच्या वरून बघायचा. भिंत न धरता गेले की त्याला पुरावा मिळायचा. म्हणून मी गरज नसतानाही भिंत धरायला लागले, आणि मग माझं मलाच कळेना की मी आजारी आहे की आजारपणाचं नाटक करतेय.

या आजारात मन सांभाळायचं म्हणतात ते इथे. थकवा मी सोसत होते. पण कुणी तुमच्यावर पहारा ठेवला की तुम्ही स्वतःही स्वतःवर पहारा ठेवायला लागता. पडल्या पडल्या मी स्वतःलाच नोटिसा पाठवायचे. काल बसून जेवलीस, मग आज का नाही? हसलीस, म्हणजे बरी आहेस. मी लहानपणापासून दुमडलेल्या सगळ्या पत्रकांची सुरुवात 'कष्टकरी बंधू-भगिनींनो' अशी होती. कष्ट करू न शकणाऱ्या बहिणीला उद्देशून एक ओळ कुणी लिहिली नव्हती. मीही नव्हती लिहिली.

दुपारी आप्पा बाहेर गेले की आई गुपचूप माझे कपडे धुवायची. मी म्हणायचे, "आई, तू फितूर आहेस." ती पिळे झटकत म्हणायची, "तुमचं दोघांचं मिटलं की दोघांना एकदम धोपटणार आहे मी. तोवर परकर वाळत घालू दे."

तिकडे करार होऊन गेला. कंत्राटी पोरं बाहेरच राहिली. त्यांच्यातली काही पोरं आप्पांना भेटायला घरी आली, आणि शेवटी युनियनने त्यांच्यासाठी गेट मीटिंग ठरवली. पत्रक कुणी लिहायचं, हा प्रश्न आला तेव्हा आप्पांनी बाहेरच्या खोलीतून माझ्याकडे न बघता विचारलं, "जुनं पत्रक आहे का तुझ्याकडे?"

मी ते पुन्हा लिहिलं. आडवं पडून, दोन-दोन ओळी, मध्ये डोळे मिटून. इतकं मन लावून मी आजारपणात काहीच केलं नव्हतं. छापून गठ्ठा आला आणि मी सांगितलं, हे मी स्वतः गेटवर वाटणार.

आई नको म्हणाली. आप्पांचा चेहरा उजळला. नंतर त्यांनीच सांगितलं की त्यांना वाटलं होतं, चला, मागणी मान्य झाली, आता संपला गो-स्लो. पोरगी गेटवर पळत सुटणार.

मलाही तसंच वाटलं होतं हो! हे मी आजवर त्यांना सांगितलेलं नाही. आतून कुठेतरी मलाही वाटत होतं की त्या गेटसमोर उभी राहिले की हे सगळं गळून पडेल.

दुपारी शिफ्ट बदलायच्या वेळेला आम्ही अंबडला पोहोचलो. गेटसमोर चहाची टपरी, रिक्षा, धूळ, सायरन. पोरं बाहेर यायला लागली. मथळा बाहेर, हातात, डोळ्यांत बघून. पहिली काही पत्रकं मी दिली आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मग आवाज लांब गेले. गठ्ठा पोत्यासारखा जड झाला. मी दात आवळून उभी राहिले, कारण आमच्या घरात बसून वाटत नाहीत. आणि मग मी बसले. म्हणजे बसवली गेले, गुडघ्यांनी परस्पर ठरवलं. धुळीत, पत्रकांसकट.

मी मान वर केली तर आप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडं होतं. आयुष्यभराचा हिशेब त्यांच्या डोळ्यांसमोर चुकत होता. ते स्वतःशीच पुटपुटले, "आपल्याच मीटिंगमध्ये कोण गो-स्लो करतं?"

कुणीच करत नाही, आप्पा. तेच तर.

ते वळले आणि टपरीकडे गेले. टपरीवाल्याची बसायची लाल प्लास्टिकची खुर्ची, एक पाय तारेने बांधलेला, त्यांनी उचलली, डोक्याच्या उंचीवर धरून गर्दीतून आणली आणि गेटच्या बरोबर समोर ठेवली. मला काखेत धरून तिच्यावर बसवलं. गठ्ठा मांडीवर दिला.

एक जुना मशीनवाला जाता जाता म्हणाला, "काय आप्पा, आज नियम मोडला? ताईंना व्हीआयपी खुर्ची?"

"व्हीआयपी नाही," आप्पा म्हणाले. घोषणा देताना लागतो तो आवाज लावून म्हणाले, म्हणजे रिक्षावाल्यांनाही ऐकू गेलं. "आजारी आहे ती. पत्रक घे."

त्याने घेतलं. त्यासाठी त्याला वाकावं लागलं. त्याच्यामागचाही वाकला. कुणाचाही अपमान झाला नाही. इतकी वर्षं हा नियम आम्ही कुणासाठी पाळत होतो?

आता तुम्हाला वाटत असेल, मी बरी झाले. गोष्टींची हीच खोड वाईट. त्यानंतर मी कित्येक दिवस पडून होते, आणि आजही पडूनच हे लिहितेय. फरक एवढाच की आता पहारा उठलाय. ताट आप्पाच उचलतात. आता मी खरोखरचा गो-स्लो करते: दमायच्या आधी थांबते, अर्धी भाजी मुद्दाम तशीच ठेवते, आणि कुणी विचारलं तर आप्पा सांगतात, "चालू आहे तिचं, मुदत ठरलेली नाही." आत्याला फोनवर कांद्यांवरून त्यांनी काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अधूनमधून ते अजून मला कसल्यातरी काढ्याचे व्हिडिओ पाठवतात. त्यांच्यावर मी राग खर्च करत नाही.

तुमच्याकडून मला सहानुभूती नको, काढा नको, आणि तुमचा सोमवारचा थकवा तर अजिबात नको. एक काम करा. जिथे तुम्ही माणसांना उभं ठेवता, दुकानाचा काउंटर असो, बँक, शाळेचं ऑफिस, सभा, कारखान्याचं गेट, तिथे आज एक खुर्ची आणून ठेवा. रिकामी दिसली तरी उचलू नका. आणि तिच्यावर कुणी येऊन बसलं, आणि तो धडधाकट दिसतोय असं मनात आलं, तर तोंड मिटून त्याला बसू द्या.